आधी जेवणारी माय

मराठीच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. कवितेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा आणि तिच्यातून मिळणारा संदेश सांगा. शाळेपासून बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत हा प्रश्न मी कधी सोडलेला नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कविता कशी वाचायची हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. सर सांगतील तशी वाचायची, एवढंच मला ठाऊक होतं. आणि सरांचं उत्तर शेवटी एकाच वाक्यावर यायचं: असा मोलाचा संदेश कवीने प्रस्तुत कवितेतून दिला आहे. कविता पावसाची असो, लढाईची असो, नाहीतर नवऱ्याने टाकलेल्या बाईची. ते वाक्य मी इतकं लिहिलं आहे की उत्तर संपत आलं की पेन आपोआप तिकडे वळतं.

सरांना दोष देत नाही. ते कविता फार चांगली म्हणायचे. म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा आणि मागच्या बाकावरची पोरंही मोबाईल खाली ठेवायची. पण कविता संपली की ते घसा साफ करून म्हणायचे, "लिहा, आशय," आणि मग आम्ही लिहायचो.

कवितेबद्दल मला दुसरा प्रश्न विचारणारं माणूस एकच होतं. माझी माय.

संध्याकाळी परतूरच्या कॉलेजातून येऊन मी गावात उतरायचो तेव्हा ती नुकतीच रानातून आलेली असायची. कापसाचे दिवस असले तर तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे असायचे. ती चूल पेटवायची आणि मी दप्तर ठेवायच्या आत विचारायची, "मंग? आज काय शिकून आलास?" तिला कवितेची आवड होती असं मी म्हणणार नाही. रोज गाडीला पैसे घालून पोरगं जातं, ते तिथं नेमकं काय करून राह्यलंय, एवढंच तिला पाहायचं होतं. मी सांगायचो. कधी ती ऐकायची, कधी मी सांगत असतानाच भिंतीला टेकून झोपून जायची.

एकदा नव्या काळातली एक कविता शिकवली होती. एक माणूस शहरात एका खोलीत राहतो. रोज कामावरून येतो, कुलूप उघडतो, आणि खोलीत त्याला फक्त स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. सरांनी आशय दिला होता, आधुनिक माणसाचं एकाकीपण. मी मायला सगळं नीट समजावून सांगितलं.

"मंग बायको कुठं गेल्ती त्याची?" ती म्हणाली.

"त्याला बायको नाही, माय."

"मंग करावी की. त्यात कविता काय करायची?"

"तसं नाही. बायको असली तरी माणूस एकटाच असतो, असं म्हणायचंय त्याला."

तिने भाकरी उलटली, बाहेर बाजेवर बसलेल्या माझ्या वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां. मंग बराबर हाय."

वडील बाहेरून म्हणाले, "काय बराबर हाय?"

"तुम्हाला न्हाई. त्या कवितेतल्या माणसाला म्हणून राह्यले."

दुसऱ्या एका दिवशी जुन्या काळातल्या एका संत बाईच्या रचना होत्या. ती देवाशी भांडते, त्याला नावं ठेवते. मायला ती आवडली. आमची गाभण शेळी मेली तेव्हा मायने देवाचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला होता आणि पोळ्यापर्यंत तो तसाच राहिला होता. मी म्हणालो, यातून निस्सीम भक्तीचा संदेश मिळतो. माय म्हणाली, "भक्ती कशाची, भांडण हाय ते." पण हे बोलून ती थांबली नाही, पुढे म्हणाली की त्या बाईचं देवाकडे बहुतेक काही उधार राहिलं असेल. तिची मतं अशीच असायची, काही बरोबर, काही कुठल्या कुठे. एका निसर्गकवितेला ती सरळ म्हणाली होती, "रिकामं माणूस दिसतंय."

तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीवरच उभं आहे. माझी माय आधी जेवायची. तव्यावरची पहिली भाकरी तिची. चुलीपुढेच बसून, ठेच्याबरोबर, गरम गरम खायची आणि मग बाकीच्यांच्या थापायला घ्यायची. आमच्याकडे बाया अशा जेवत नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं घेऊन, चुलीकडे तोंड करून जेवतात. आजी होती तोवर यावरून घरात कटकट चालायची असं वडील सांगायचे. माय म्हणायची, "उपाशीपोटी भाकरी थापली की मला राग येतो, आन् मंग शिव्या तुम्हालाच बसतात. त्यापरीस मला खाऊ द्या." तिला शिव्या खूप यायच्या, आणि पोट भरलेलं असतानाही ती त्या कमी द्यायची असं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी मायीवरची ती कविता म्हटली. कोणती, ते सांगायची गरज नाही. आमच्या भागात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ती पाठ असते. तिच्यातली माय स्वतः उपाशी राहते, आपल्या वाटची भाकर पोराला देते आणि पोट भरलंय म्हणते. मी ती चौथीपासून म्हणत आलोय. हात कुठे वर करायचा, आवाज कुठे कापरा करायचा, हे मला झोपेतही करता येईल. त्या दिवशी माय बाजाराला परतूरला आली होती आणि मला न सांगता मांडवात मागे, पिशवी घेऊन, बायांमध्ये उभी होती. मला बक्षीस मिळालं.

गावाकडे येताना टमटममध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसली होती. मला वाटलं, भरून आलंय तिला. मग तिने विचारलं, "ती बाई कोण व्हती?"

"कोणती?"

"कवितेतली. मपल्या शेजारची बाई रडून राह्यली, आन् मला म्हणती, नशीबवान हाव तुम्ही, लेकानं तुमच्यावर म्हणली. मी म्हणलं, म्या कवा उपाशी राह्यले?"

टमटममधली माणसं हसायला लागली. मला शरम वाटली. मी हळू आवाजात म्हणालो, "ती सगळ्या मायांवर आहे. एकीवर नसते कविता."

"मंग मला सोडून."

"असं नसतं माय."

"मंग मपल्यावर एक येगळी लिव्ह. जिच्यात मी जेवून राह्यले. शिव्याबी घाल दोन." आणि पिशवीतून एक पेरू काढून तिने तो खायला सुरुवात केली, मला अर्धा दिला नाही. उतरता उतरता म्हणाली, "पण आवाज लई गोड काढला व्हता तू. बिलकुल रेडिओवानी."

मी लिहायला बसलो होतो, खरंच बसलो होतो. पण कागदावर पहिली ओळ आली की तिच्या मागून आपोआप चुलीचा धूर यायचा, धुरातून डोळ्यातलं पाणी, पाण्यातून पदर. पदर आला की मला कळायचं, ही माझी माय नाही, ती दुसरीच आली. मी फाडून पुन्हा लिहायचो. एकदा थोडं जमलं. त्यात ती पहिली भाकरी खाते आणि वडिलांना बोलते, एवढंच होतं. मी ते सरांना भीत भीत दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "निरीक्षण चांगलं आहे. पण आई आधी जेवते, हे वाचकाला खटकेल. आणि यातून संदेश काय द्यायचाय तुला?" मला सांगता आलं नाही. अजूनही सांगता येत नाही. ती जेवायची, एवढंच मला म्हणायचं होतं.

पुढच्या भादव्यात तिला ताप आला. परतूरच्या दवाखान्यातून जालन्याला न्यायला सांगितलं. जालन्याहून आम्ही तिला परत आणलं ते बोलती नाही. त्या दिवसांबद्दल मी आता काही लिहीत नाही.

दहावा दुधना नदीच्या काठावर झाला. आमच्याकडे दहाव्याला महाराजांचं प्रवचन झालं की माईक फिरतो. गावातली चार माणसं दोन दोन शब्द बोलतात, श्रद्धांजली वाहतात, आणि घरात कुणी शिकलेलं असलं तर त्याच्याकडून कविता म्हणवून घेतात. बाई गेली असेल तर कविता कोणती ते ठरलेलंच. कितीतरी दहाव्यांना मी स्वतः ती म्हटली आहे. लोक दुसऱ्या गावाहून बोलावायचे.

पिंड ठेवला आणि बाजूला सरकलो न सरकलो तोच कावळा आला आणि शिवला. जरासुद्धा थांबला नाही. मला एकदम वाटलं, हे अगदी तिच्यासारखं झालं, आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसू आल्यासारखं झालं. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनाही तेच वाटलं असेल असं मला वाटलं. पण मामा म्हणाले, "बघा, काही इच्छा राह्यली न्हाई तिची. सगळं लेकरांत होतं." आणि माणसांनी माना हलवल्या. वडिलांनीही हलवली.

मग मामांनी माईक माझ्या हातात दिला. "म्हण रे. मायीवरची म्हण."

मी उभा राहिलो. समोर वाळूवर सगळं गाव बसलं होतं, बाया एका बाजूला. मला ती कविता म्हणायची नव्हती. मायने ती नाकारली होती, सगळ्या टमटमसमोर. तिच्या नावाने ती म्हणणं म्हणजे तिच्या दहाव्याला दुसऱ्याच कुणा बाईचं नाव घेणं होतं. मी असा विचार केला की आज जर खरं बोललो तर निदान इतक्या माणसांच्या लक्षात ती जशी होती तशी राहील. माझ्या हातात तेवढंच होतं.

मी म्हणालो, "माझी माय आधी जेवायची."

माईकचा आवाज नदीवर जाऊन परत आला. मी पुढे म्हणालो की पहिली भाकरी ती खायची, ती आम्हाला शिव्या द्यायची, मी कविता सांगताना ती झोपून जायची. मागे कुणीतरी खोकलं. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय म्हणून राह्यलंय हे?" मला आणखी सांगायचं होतं. शेळीचं, पेरूचं, वडिलांना म्हणाली होती ते. पण जे बोललो ते माझ्याच कानाला तक्रारीसारखं लागलं. जणू मी मेलेल्या मायबद्दल गाऱ्हाणं सांगत होतो. मी नुसता "ती तशी होती" एवढं पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

मामा उठले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माईक काढून घेतला. "पोरगं खचलंय," ते लोकांना म्हणाले. "त्याला भान न्हाई. गुरुजी, तुम्ही म्हणा."

माझ्या प्राथमिक शाळेतले गुरुजी तिथे होते, ज्यांनी मला चौथीत ती कविता शिकवली होती. म्हातारे झाले आहेत, पण आवाज तसाच आहे. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. पहिल्या कडव्याला बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. उपाशी राहणारी माय आली, पोट भरलंय म्हणणारी माय आली. आणि माझे वडील, जे दवाखान्यात रडले नव्हते, घरी रडले नव्हते, ते गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडायला लागले. चुलत्यांनी त्यांना धरलं.

त्या कवितेचा मला राग करता आला नाही. इतके दिवस माझ्या बापाच्या आत जे अडकून पडलं होतं ते तिने मोकळं केलं. मला ते जमलं नसतं. माझ्या खऱ्या बोलण्याने एकाच्याही डोळ्यात पाणी आलं नव्हतं.

काठावरून परत येताना माझी आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, "अशीच होती रे वहिनी. सोता उपाशी राह्यची, पण कुणाला कळू द्यायची न्हाई."

हीच आत्या. तिच्या लेकीच्या लग्नात माय पहिल्याच पंगतीला जाऊन बसली होती, पाहुण्यांच्या आधी. त्यावरून आत्या आमच्याकडे दोन दिवाळ्या आली नव्हती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला आता खरंच तसं आठवत होतं.

त्यानंतर कविता पसरत गेली. कुणीतरी गुरुजींचा आवाज मोबाईलवर घेतला होता, तो सगळ्या नातेवाइकांच्या स्टेटसला लागला, मायच्या नावासकट. शेजारच्या बाया मला सांगायला लागल्या की तुझी माय कशी स्वतःच्या तोंडचा घास काढून तुला द्यायची. मी सुरुवातीला म्हणायचो, नाही हो, ती जेवायची. तेव्हा त्या माझ्याकडे कीव केल्यासारख्या पाहायच्या. पुढे मी म्हणायचं सोडलं.

घरी आता वडील आणि मी. भाकरी मी करतो, वाकड्यातिकड्या. एक दिवस जेवताना वडील म्हणाले, "तुझी माय आपलं सगळ्यांचं झाल्याबिगर तोंडात घास घालत नव्हती."

मी म्हणालो, "बा, ती आधी जेवायची."

त्यांचा हात ताटातच थांबला. मी त्यांना काहीतरी घाणेरडं बोललो असावं अशा नजरेने ते माझ्याकडे बघत राहिले. "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाई," ते म्हणाले.

"असं काय बोललो मी? तुम्हीच सांगायचे, आजीची अन् तिची कटकट व्हायची म्हणून."

"कवा सांगितलं म्या?"

मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. ते दिवसभर घरात एकटे असतात. त्यांना ज्या बाईच्या आठवणीत रडता येतं, तीच त्यांना जवळची वाटणार. जिने त्यांना उलट बोलून हैराण केलं तिच्यासाठी रडायला कुणी शिकवलेलंच नाही. तशी कविता नाही. असलीच तर मला सापडलेली नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जुनी नवी पुस्तकं काढून शोधली. कष्ट करणाऱ्या, झिजणाऱ्या, वाट पाहणाऱ्या माया पुष्कळ होत्या, आणि काही कविता इतक्या सुंदर होत्या की वाचताना मलाच रडू आलं. रडून झाल्यावर लक्षात यायचं की मी दुसऱ्याच कुणाच्या मायसाठी रडलो.

सगळ्यात वाईट ते नाही. सगळ्यात वाईट हे की आता माझंही तसंच व्हायला लागलं आहे. मी डोळे मिटून तिला चुलीपुढे आणायला बघतो. चूल येते, तवा येतो, तिची बांगडी मागे सारलेली मनगटं येतात. आणि हातात भाकरी यायच्या जागी धूर येतो, पाणी येतं, पदर येतो. चौथीपासून पाठ केलेली बाई माझ्या मायच्या जागेवर येऊन बसते आणि उठत नाही. हे सुरू झालं तेव्हा माझ्या मायला जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. त्या दुसरीला मी निम्म्याहून जास्त आयुष्य ओळखतो.

वर्षश्राद्धाला चुलत्यांनी फ्लेक्स करायचं ठरवलं. गावाच्या कमानीजवळ लावायला. मायचा एकटीचा फोटो नव्हता. कुणाच्या तरी लग्नात उन्हात उभी राहून, फोटो काढणाऱ्यावर चिडलेली, असा एक सापडला. मी म्हणालो, हाच असू द्या. परतूरच्या फ्लेक्सवाल्याने तो घेतला आणि चुलत्यांना म्हणाला, "चेहरा थोडा साफ करावा लागेल, काका." त्याने कपाळावरच्या आठ्या काढल्या, रंग उजळला, डोक्यावर पदर चढवला, ओठांचे कोपरे थोडे वर नेले. खाली त्या कवितेचं शेवटचं कडवं टाकलं. कुणी सांगितलंही नव्हतं. त्याच्याकडे तयारच होतं.

फ्लेक्स लागला त्या सकाळी वडील आणि मी कमानीपाशी गेलो. ते खूप वेळ बघत राहिले. मग माझा हात धरून म्हणाले, "बराबर तुझी माय."

मी तिच्यात काय काय बदललंय ते शोधत उभा राहिलो. फ्लेक्सवाल्याने हे सगळं माझ्यासमोर केलं होतं, मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं होतं. तरी आठ्या नेमक्या कुठे होत्या ते मला आठवेना.